काळ्या डबीतली हाक

मी एक फाइल बोलतेय. लाल फितीत बांधून सरकारी टेबलावर लोळत पडते ती नव्हे, संगणकातली. त्यातही आवाजाची फाइल. माझ्या पोटात धुळाजी नावाच्या एका मेंढपाळाचा आवाज आहे.

आवाजाची फाइल आणि बोलता येत नाही, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा बापडे. मला कोणी उघडल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि सध्या मला उघडणं कोणालाच जमत नाही. माझ्यात बिघाड काही नाही बरं का. मी ठणठणीत आहे, धुळाजींचं एक खाकरणंही माझ्यातून गळालेलं नाही. बिघडलंय ते फक्त माझं नाव, आणि त्यात माझा काडीचाही दोष नाही.

माझा जन्म वडीगोद्रीचा. हायवेला लागून टायरवाला, त्याच्या शेजारी खताचं दुकान आणि त्या दोघांच्या मध्ये चेपून बसल्यासारखं राधेश्यामचं रेकॉर्डिंगचं दुकान आहे. गावोगाव हातगाड्यांवर आणि रिक्षांवर भोंगे वाजत असतात ना, कांदे घ्या, बटाटे घ्या, जुनं भंगार द्या, ते आवाज इथं तयार होतात. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकलेल्या, एक माइक, एक पंखा. पंखा बोलताना बंद करायचा, म्हणून गिऱ्हाईक घामाघूम होऊन बाहेर येतं. राधेश्याम ते बोलणं एका छोट्या कार्डात भरून देतो, कार्ड भोंग्यात घातलं की माणसानं तोंड मिटून चहा प्यावा, भोंगा ओरडत राहतो.

हे नेमकं गोपिकाबाईंनी पाहिलं. गोपिकाबाई म्हणजे धुळाजींची बायको. त्या दिवसांत धुळाजींच्या गळ्याचं दुखणं फार वाढलं होतं, आणि संभाजीनगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आवाजाची पेटी काढावी लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. धुळाजी आधीच कमी बोलणारे, पण मेंढरांशी त्यांचं सगळं चालायचं ते हाकेवर. पाण्याची हाक वेगळी, संध्याकाळी गोळा व्हायची वेगळी, लांडग्याची चाहूल लागली की द्यायची त्याहून वेगळी. दुसऱ्या कोणी तीच हाक दिली तर मेंढरं मान वर करायची, बघायची आणि पुन्हा चरायला लागायची.

बाजारात गोपिकाबाईंना तो भाजीवाला दिसला. मुकाट चहा पीत होता आणि त्याचा भोंगा गिऱ्हाईक गोळा करत होता. त्या तशाच राधेश्यामच्या दुकानात शिरल्या.

"भाऊ, ह्यात मेंढराची हाक भरता येती का?"

राधेश्यामला वाटलं बाई गंमत करतेय. पण त्यांनी ऑपरेशनचं सांगितलं तसा तो खुर्चीवरून उठला. "बिलकुल येती, मामी. मामाला घेऊन या. पैशाचं राहू द्या."

दवाखान्यात भरती व्हायला निघायच्या सकाळी धुळाजी आले. सोबत गोपिकाबाई आणि पिंपळगाव रेणुकाईला दिलेली त्यांची मुलगी अक्षता. धुळाजी माइकसमोर उभे राहिले आणि त्यांना काही सुचेना. समोर मेंढरू नाही, माळ नाही, भिंतीला गादी ठोकलेली. दोनदा तोंड उघडून मिटलं. मग अक्षता हळूच म्हणाली, "बाबा, डोळे मिटा नं." त्यांनी डोळे मिटले, मान वर केली आणि अशी हाक दिली की शेजारचा टायरवाला हातातला पाना टाकून दारात आला. ती माझी पहिली आठवण. तिथून मी सुरू होते.

एकेक करून सगळ्या हाका झाल्या. शेवटची झाल्यावर राधेश्यामनं यंत्र बंद करायला हात पुढे केला, पण तेवढ्यात धुळाजी माइकसमोरूनच बायकोकडे वळून म्हणाले, "गोपे, आता चहा पाजती का? घसा पार सुकला." गोपिकाबाई गडबडीत म्हणाल्या, "थांबा जरा, बस निघून जाईन." आणि मी तिथं संपते. भोंग्याच्या कार्डात राधेश्यामनं नुसत्या हाका घातल्या, हे घरगुती बोलणं कापलं. ते फक्त माझ्यात राहिलं.

मग माझं बारसं झालं. एरवी राधेश्याम नावं इंग्रजीत टाकतो, घाईघाईनं, एका बोटानं. भाजी एक, भंगार नवीन, असली. माझंही त्यानं तसंच काहीतरी टाकलं. गोपिकाबाई काउंटरवरून वाकून बघत होत्या. त्या मोठेपणी, अक्षता शाळेत जायला लागल्यावर तिच्या पुस्तकातून वाचायला शिकल्या होत्या, त्यामुळे वाचनाच्या बाबतीत भारी हट्टी.

"हे काय लिव्हलं? मला वाचता आलं पाह्यजे. उद्या मी आले तं मला कसं कळंल कोणतं आमचं?"

"बरं, मराठीत टाकतो. काय टाकू? मामाचं नाव सांगा."

त्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पदर सावरून म्हणाल्या, "टाका, अक्षताच्या बाबाची हाक."

राधेश्यामनं एकेक अक्षर शोधत तेच टाकलं. गोपिकाबाईंनी पडद्याला बोट लावून सावकाश वाचलं, आणि मग त्यांचं समाधान झालं. मला माझं नाव फार आवडलं होतं. त्या संगणकात भंगार, कांदे आणि मच्छरदाण्यांमध्ये एवढं प्रेमानं ठेवलेलं नाव दुसऱ्या कोणाचं नव्हतं, हे मी अजूनही ठसक्यात सांगते.

निघताना त्यांनी विचारलं, "हे कार्ड खराब झालं तं?" राधेश्याम म्हणाला, "बिनघोर राहा, मामी. माझ्याकडं बराबर कॉपी हाय. कवाबी या." त्यानं अक्षताला मोबाइलवर पाठवू का असंही विचारलं होतं, पण घरी बटनाचा फोन, आणि अक्षताचा मोबाइल तेव्हा दुरुस्तीला गेलेला. ती म्हणाली, तुमच्याकडं आहे ना, मग काय घाई आहे.

आता त्या कॉपीची कथा सांगते.

राधेश्यामचा शाळेतला दोस्त केदार जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीत संगणकाचं काम बघतो. चांगला मुलगा आहे, मी त्याला शिव्या देणार नाही. त्यानं कुठूनतरी एक जुनं फुकटातलं बॅकअपचं सॉफ्टवेअर आणलं आणि एक काळी, तळहाताएवढी डिस्क संगणकाला जोडून दिली. दुकान बंद होताना सगळ्या फाइलींची एकेक प्रत आपोआप त्या काळ्या डबीत जायची. केदारनं इंग्रजी नावाची एक फाइल आत पाठवून बघितली, परत काढून बघितली. आली. हिरवी खूण आली. दोघांनी चहा घेतला. मराठी नावाची फाइल पाठवून बघावी असं त्याच्या मनात आलं नाही, कारण त्याच्या कंपनीत मराठी नावाची फाइलच नसते.

माझा जन्म झाला त्याच संध्याकाळी माझी प्रत त्या डबीत गेली. आम्हा फाइलींचं एक बरं असतं, एकाच वेळी दोन ठिकाणी राहता येतं. आत जाताना त्या सॉफ्टवेअरनं माझा आवाज नीट घेतला, घडी घालून एका मोठ्या गाठोड्यात इतरांबरोबर दाबून ठेवला. मग नाव लिहायची वेळ आली. कोणती फाइल कुठं ठेवली हे कळावं म्हणून ते सगळ्यांची नावं आपल्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवतं. संगणकाला अक्षर म्हणजे एक आकडा. मराठीच्या प्रत्येक अक्षराला, कान्याला, वेलांटीलासुद्धा आकडा ठरलेला आहे आणि राधेश्यामच्या संगणकाला तो ठाऊक होता, म्हणून तर गोपिकाबाईंना पडद्यावर नाव वाचता आलं. पण या जुन्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये सोय होती ती इंग्रजी अक्षरांपुरती. अनोळखी अक्षर आलं की ते तिथं एक प्रश्नचिन्ह ठोकायचं आणि पुढे जायचं.

माझं नाव त्यानं असं लिहिलं: ?????????? ?????? ???

मी ओरडले असते, पण मी फाइल. त्यानं निदान हरकत घ्यायची, हे नाव मला लिहिता येत नाही म्हणून सांगायचं. ते सोडून त्यानं सकाळी हिरवी खूण दाखवली. राधेश्यामनं त्या हिरव्या खुणेला उदबत्ती ओवाळली आणि दुकान उघडलं.

पावसाळाभर मी कामात होते. म्हणजे माझ्या हाका होत्या, धुळाजींच्या खांद्याला अडकवलेल्या भोंग्यात. ऑपरेशन होऊन ते परत आले होते, गळ्याला भोक आणि त्यावर पांढरा रुमाल. पहिल्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा मेंढरं बावचळली. हाक धुळाजींची आणि तोंड मात्र मिटलेलं. मग एक म्हातारी मेंढी पुढे झाली, तिच्यामागे बाकीची आली. धुळाजी जमिनीवर बसले आणि त्यांनी तिच्या मानेत तोंड खुपसलं. हे मी पाहिलं नाही, गोपिकाबाईंनी दुकानात येऊन राधेश्यामला सांगितलं तेव्हा ऐकलं.

मग दसरा आला. दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात, आणि राधेश्यामचं हत्यार म्हणजे संगणक. त्यानं तो पुसला, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. इथवर सगळं ठीक. पण दरवर्षी नारळ उंबऱ्यावर फोडणारा हा माणूस, त्या वर्षी धंदा बरा झाला म्हणून भक्तीच्या भरात संगणकाच्या डोक्यावरच एका वाटीत नारळ फोडायला गेला. वाटी सरकली आणि नारळाचं पाणी वरच्या जाळीतून आत गेलं. त्यानं घाईघाईनं फडक्यानं पुसलं, आरती म्हटली आणि मुहूर्ताला बटण दाबलं. फट्कन आवाज झाला, जळका वास आला, आणि माझं मूळ रूप तिथंच संपलं. त्या काळ्या डबीला फक्त कुंकू लागलं होतं. उरले ती मी, प्रत.

केदार आला, हसला, म्हणाला, "अरे, घाबरतोस काय? बॅकअप आहे ना." नवा संगणक आणून त्यानं डबी जोडली. इंग्रजी नावाच्या फाइली पटापट बाहेर आल्या. कांदे आले, भंगार आलं, गादी-कापूस पिंजणारा आला. माझ्यानंतर राधेश्यामनं आणखीही बरीच नावं मराठीत टाकली होती. त्या मराठी नावांची वेळ आली आणि काम अडलं. संगणकाचा नियमच आहे, फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. म्हणजे बघा, आत घेताना यांनीच माझ्या कपाळावर प्रश्नचिन्हं मारली, आणि आता कपाळावर प्रश्नचिन्हं आहेत म्हणून बाहेर सोडत नाहीत. दुसरं नाव लावून काढावं, तर ती सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. नाव बदलायला फाइल आधी बाहेर यायला हवी.

राधेश्यामनं खांदे उडवले. "जाऊ दे. बाकीचे येतील, पुन्हा बोलतील. भाजीवाल्याचा काय आवाज गेला का?"

भाजीवाल्याचा नाही, पण धुळाजींचा गेला होता. हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं. मला आठवत होतं, पण मी कोणाला सांगणार?

दिवाळीनंतर मेंढरं धरणाच्या डाव्या कालव्यावर पाण्याला नेली होती. कालव्याला पाणी सोडलेलं. एक कोकरू घसरलं, धुळाजी ओढायला वाकले, कोकरू निघालं, पण खांद्यावरचा भोंगा सुटून पाण्यात पडला आणि कार्डासकट वाहून गेला. गोपिकाबाई काठाकाठानं पळत गेल्या. पुढच्या पुलापाशी पाणी आत ओढून घेत होतं, तिथं त्या थांबल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकानात उभ्या. "भाऊ, ती कॉपी काढून द्या जल्दी. भोंगा वाह्यला."

तेव्हा कुठं राधेश्यामला आठवलं की अडकलेल्या मराठी नावांत धुळाजींची हाकही आहे. मग त्यानं केदारला फोन लावला.

केदार त्या आठवड्यात रोज कामावरून सुटला की मोटरसायकल मारत वडीगोद्रीला यायचा. त्यानं पाहिजे ते करून बघितलं. सॉफ्टवेअर काढलं, पुन्हा घातलं, नवी आवृत्ती आणली. कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की ही अडचण नव्या आवृत्तीत दूर केली आहे, मात्र आधी घेतलेल्या बॅकअपमधल्या नावांना ती दुरुस्ती लागू होत नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. त्यानं ते वाचून दाखवलं आणि टेबलावर डोकं टेकवलं. "चूक माझी आहे, राध्या. मी एकदा मराठी नाव घालून बघायला पाहिजे होतं." राधेश्याम म्हणाला, "न्हाई रे, नारळ तं मी फोडला." दोघंही बराच वेळ एकमेकांची समजूत घालत बसले. मी आत तशीच होते.

मध्ये बरेच दिवस गेले. गोपिकाबाई फेऱ्या मारत राहिल्या. एकदा राधेश्याम कंटाळून म्हणाला, "मामी, मेंढरं तं आता तुमच्या हाकंला यायलीत ना? लोकं सांगून राह्यले. मंग अडलं कुठं?"

गोपिकाबाई स्टुलावर बसल्या. "येत्यात. येळ लागला, पण येत्यात. मेंढरांचं न्हाई भाऊ आता."

"मंग?"

"मला ऐकायचंय." मग त्या खाली बघून म्हणाल्या, "त्यात शेवटी ते माह्याशी बोलल्ते. च्या मागितल्ता. मी बसच्या घाईत न्हाई पाजला. तिथंच घसा बसला, त्याच्यानंतर त्यांचा एक सबुद न्हाई ऐकला मी. लगीन झालं तवापासून रोज ऐकल्याला आवाज, भाऊ, आता आठवाया बसले तं आठवंना मला. तोंड दिसतंय, आवाज येईना."

हे मी ऐकलं. मला हवं होतं त्यापेक्षा स्पष्ट ऐकलं. ते वाक्य माझ्याजवळ होतं, अगदी टोकाशी, कोणीही उघडलं असतं तर लगेच मिळालं असतं. फाइलीला रडता येत नाही म्हणून, नाहीतर मी त्या डबीतून पाणी काढलं असतं.

राधेश्याम म्हणाला, "मामाला घेऊन या. केदार येतोय, एकदा शेवटचं बघू."

धुळाजी आले. गळ्यावर रुमाल, हातात काठी. केदारनं पडद्यावर मराठी नावाच्या फाइलींची यादी उघडून दाखवली. वरपासून खालपर्यंत प्रश्नचिन्हं. कुठं दोन जास्त, कुठं दोन कमी, एवढाच फरक. धुळाजी जवळ सरकले. ज्या माणसाला एकसारख्या दिसणाऱ्या मेंढरांतलं आपलं मेंढरू लांबून कळतं, त्यानं त्या ओळींवरून सावकाश नजर फिरवली. मला वेडी आशा वाटली. मी म्हटलं, मी इथं आहे, मधोमध, बघा ना इकडे. त्यांचं बोट वर आलं आणि माझ्या वरच्या ओळीवर टेकलं. ती उसाच्या रसवंतीची जाहिरात होती.

केदारनं त्यांचं मन राखायला ती ओळ दाबली. फाइल निघत नसल्याचा संगणकाचा ठोका वाजला.

गोपिकाबाईंनी विचारलं, "पण आवाज हाय का आत? का गेला?"

"आहे, मावशी," केदार म्हणाला. "सगळा आहे. पुण्यात असे लोक असतात, आतलं उकरून काढणारे. पण ते काढतीलच असं मी छातीठोक सांगू शकत नाही, आणि काढताना डिस्क बिघडलीच तर..."

"मंग राहू द्या. हा डबाच द्या मला."

राधेश्यामनं वायर काढली, डबीवरचं वाळलेलं कुंकू शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि ती त्यांच्या ओंजळीत ठेवली. केदारनं बजावलं, पाणी लागू देऊ नका, पाडू नका, उन्हात ठेवू नका. त्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या.

आता मी शिवारातल्या त्यांच्या घरी असते. जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून त्यांनी मला धान्याच्या कोठीवर ठेवलंय. इथं उंदीर येत नाही, गळत नाही. माझी बडदास्त छान आहे, तक्रारीला जागा नाही. संध्याकाळी मेंढरं बसली, कामं आटोपली की गोपिकाबाई मला खाली घेतात आणि कानाला लावतात. वीज जोडलेली नाही, त्यामुळे साधी घरघरसुद्धा ऐकू येत नाही. तरी त्या थोडा वेळ लावून धरतात. आत मी सगळी भरलेली आहे, पाण्याची हाक, सांजेची हाक, लांडग्याची हाक आणि ते शेवटचं. यातलं एक अक्षरही मला त्यांच्या कानापर्यंत नेता येत नाही. अशा डिस्का नुसत्या पडून राहिल्या तरी हळूहळू मरतात, हेही मला माहीत आहे. त्यांना माहीत नाही, आणि ते मला सांगता येत नाही.

काल धुळाजींनी फडकं सोडलं. गोपिकाबाई मेंढरांकडे गेल्या होत्या. त्यांनी मला मांडीवर घेतलं, उलटीसुलटी करून बघितलं आणि मग बोटाच्या पेरानं हलकेच टकटक केली. थांबले. पुन्हा केली.

अहो, तुम्ही हे वाचताय ना, तुमच्यापैकी कोणाला यातलं काही कळत असेल तर वडीगोद्रीला या. राधेश्यामचं दुकान कोणीही दाखवेल, तो घर दाखवेल. मला माझं जुनं नाव नको. एखादा आकडा लावा, काहीही लावा, पण मला उघडा. लवकर या. तो माणूस उत्तराची वाट बघतोय, आणि उत्तर त्याच्याच आवाजात माझ्यात आहे.